इंच इंच मोजू

आमचा जावई रात्री एक वाजता उठून मॉडेल बघतो, ही बातमी आमच्या हिने मला सकाळी चहाच्याही आधी दिली. "युरोपियन," ती दबक्या आवाजात म्हणाली. रात्री पाणी प्यायला ती खाली गेली, तर दिवाणखान्यात मिट्ट काळोख आणि लॅपटॉपच्या उजेडात जावयाचं तोंड निळं पडलेलं. "झोप येत नाही का?" असं हिने विचारल्यावर तो दचकला आणि म्हणाला, "युरोपियन यायचंय अजून, आई. अमेरिकन मघाशीच येऊन गेलं, पण त्याच्यात काही दम नव्हता."

लेकीच्या संसारात नाक खुपसायचं नाही, असं आम्ही मुंबईच्या विमानतळावरच एकमेकांना बजावलं होतं. तरी बापाचं काळीज. मी लेकीला आडून आडून विचारलं. ती डबे भरत होती. मान वर न करता म्हणाली, "हवामानाचं मॉडेल हो, बाबा. वादळ येतंय. दुसरं काही असतं तर मी कडाकडा भांडले तरी असते. ढगांशी काय भांडायचं?"

ही जानेवारी २०१६ ची गोष्ट. गाव एडिसन, न्यू जर्सी. इथल्या ओक ट्री रोडवर तासभर फिरलं तर इंग्रजीचा एक शब्द न बोलता साडी, समोसा, सोनं आणि सत्यनारायणाचं सामान सगळं मिळतं. आम्ही डिसेंबरातच येऊन पोचलो होतो. बर्फ बघायचा म्हणून तुळशीबागेतून लोकरीचे कानटोपे घेतले होते, ते बॅगेतून बाहेरच निघेनात. नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कला पारा ७२ फॅरेनहाइटवर, म्हणजे आपल्या २२ अंशांवर. लोक अर्ध्या बाह्यांनी फिरत होते. मी खूश होतो. जावयाच्या चेहऱ्यावर मात्र सुतक. अख्ख्या डिसेंबरात मोजण्याजोगा एक कण पडला नव्हता.

"एल निनो," तो म्हणाला.

हा शब्द ऐकून मी सावरून बसलो. कारण त्या वर्षी एल निनो आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या पारावर पोचला होता. २०१५ चा पावसाळा देशभरात सरासरीच्या १४ टक्के कमी झाला आणि मराठवाड्याचा तो सलग दुसरा दुष्काळ. आमच्या लेखी एल निनो म्हणजे अवदसा. जावई मात्र डोळे चमकवत सांगू लागला की एल निनोच्या वर्षी हिवाळ्याच्या उत्तरार्धात पूर्व किनाऱ्यावर एखादं महावादळ होतंच, फक्त धीर धरला पाहिजे. एल निनोचा स्पॅनिश भाषेतला अर्थ म्हणे 'बाळ'. एकच बाळ एका घरात कुलदीपक आणि दुसऱ्या घरात दिवटा.

जावई हवामानशास्त्रज्ञ नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. तो एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. त्याचे साथीदारही तसेच हौशी. एक पेनसिल्व्हेनियातल्या शाळेत गणित शिकवतो, एक फिलाडेल्फियाचा दंतवैद्य, आणि एक बोस्टनला राहणारा कोल्हापूरकर. रोज रात्री चौघं फोनवर एकत्र येतात. दंतवैद्य दिवसा लोकांना आ करायला लावतो आणि रात्री ढगांकडे बघून स्वतः आ करतो. बायका-मुलं, पगार, राजकारण यांतलं काही या चौघांच्या बोलण्यात मी कधी ऐकलं नाही. आपल्याकडे क्रिकेटचं समालोचन ऐकणारी माणसं असतात, पण ती निदान खेळाडूंना नावं ठेवतात. हे कुणालाच नावं ठेवत नाहीत, फक्त समुद्रावरच्या कोरड्या हवेला शिव्या देतात.

शनिवारी, १६ तारखेला, पुढच्या शनिवारचं वादळ पहिल्यांदा पडद्यावर नीट दिसलं. सात दिवस आधी! आमच्या बँकेत हेड ऑफिसचा साहेब तपासणीला यायचा तोसुद्धा एवढ्या आधी कळत नसे. जावयाने मला खुर्ची दिली आणि समजावलं. दक्षिणेकडून एक कमी दाबाचा पट्टा येणार, तो किनाऱ्याशी पोचला की समुद्रावर नवं वादळ जन्म घेणार, गल्फ स्ट्रीमच्या कोमट पाण्यावर ते बाळसं धरणार, आणि वर क्यूबेकच्या बाजूला थंड हवेचा डोंगर ठाण मांडून बसलेला असल्यामुळे ओल्या वाऱ्याचा बर्फ होणार. वारा ईशान्येकडून येतो म्हणून या वादळांना नॉरईस्टर म्हणतात.

"आणि ते इथून गेलं पाहिजे," असं म्हणत त्याने नकाशावर भर समुद्रात बोट टेकवलं. ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम. तिथे बेट नाही, खडक नाही, दीपगृह नाही. नुसतं पाणी. पण वादळ त्या जागेजवळून गेलं की किनाऱ्यावरच्या शहरांना भरभरून बर्फ मिळतो. किनाऱ्याला जास्त खेटलं तर पाऊस होतो, लांबून गेलं तर काहीच नाही. त्या जागेचा उल्लेख करताना जावयाचा आवाज आपोआप खाली येतो. आमच्या आजोळी वेशीवरच्या म्हसोबाचं नाव असंच घेत.

हे ऐकताना मला वडिलांचं पंचांग आठवलं. मृग लागायच्या आधी ओसरीवर चारजण जमत आणि पहिला प्रश्न असे, "वाहन काय?" प्रत्येक नक्षत्राचं वाहन पंचांगात दिलेलं असतं. म्हैस, बेडूक किंवा हत्ती असला की माणसं समाधानाने तंबाखू मळत. कोल्हा किंवा मेंढा निघाला की तोंडं कडू. मग कुणीतरी म्हणे, "आपलं पंचांग नको, दुसरं बघू." जावयाकडेही हेच चाललं होतं. अमेरिकन मॉडेल दिवसातून चारदा येतं, युरोपियन तेव्हा दोनदाच यायचं. युरोपियन मॉडेल तेव्हा इंग्लंडात रेडिंग गावी बसून तयार करत, आणि त्याचा या मंडळींत मोठा दबदबा. काशीहून आलेल्या शास्त्रीबुवांसारखा. अमेरिकन गावचे भटजी, चारदा येतात म्हणून किंमत कमी. पण भटजींनी बर्फ सांगितला आणि शास्त्रीबुवांनी नाही सांगितला, की हीच मंडळी भटजींची थोरवी गाऊ लागतात.

"एका मॉडेलवर विश्वास ठेवायचा नसतो, बाबा," जावई म्हणाला. "युरोपियनवाले तोच हिशेब एक्कावन्न वेळा करतात. प्रत्येक वेळी सुरुवातीची हवा किंचित बदलून." म्हणजे आकाशाची आत्ताची स्थिती कुणालाच बिनचूक ठाऊक नसते, म्हणून थोडा थोडा फरक करून एक्कावन्न उत्तरं काढायची आणि कौल कुठे जातो ते बघायचं. मला पद्धत लगेच पटली. आमच्या लेकीचं लग्न ठरवताना आम्ही याच पद्धतीने चाललो होतो. एक्कावन्न नातेवाइकांना विचारलं, प्रत्येकाने माहितीत किंचित बदल करून घेतला, आणि एक्कावन्न उत्तरं आली. कौल मुलाच्या बाजूने होता. मुलगा रात्री जागतो हे मात्र एकाही उत्तरात नव्हतं.

बुधवारपर्यंत वॉशिंग्टनला दोन फूट बर्फ पडणार हे नक्की झालं होतं. प्रश्न होता वादळाची उत्तरेची कड कुठे येते. या वादळाची कड सुरीने वडी कापावी तशी असणार होती. अलीकडे फुटांनी बर्फ आणि पलीकडे चिमूटही नाही. सुरी नेमकी न्यूयॉर्कच्या आसपास फिरत होती. म्हणजे आमच्या अंगणातून.

गुरुवारी युरोपियनने सुरी दक्षिणेला सरकवली. त्या दिवशी घरात जेवण झालं नाही असं म्हणता येणार नाही, पण जेवणात जीव नव्हता. जावई वरणात चमचा फिरवत राहिला. आमच्या हिने विचारलं, "बर्फ कमी पडणार म्हणजे चांगलंच ना?" टेबलावर शांतता पसरली. या हौशी लोकांना हा प्रश्न विचारायचा नसतो. वर्तमानपत्र म्हणतं 'धोका टळला', आणि हे म्हणतात 'बस्ट'. शब्द उच्चारतात तोही 'साखरपुडा मोडला' म्हणतात तशा सुरात. सगळी माणसं वादळातून वाचण्यासाठी अंदाज बघतात. ही माणसं वादळाच्या बाजूची असतात. लग्नघरात मुलीकडचे आणि मुलाकडचे असतात ना, तसे हे वादळाकडचे. कधी निघालं, कुठवर आलं, रस्त्यात कुणी अडवलं तर नाही ना, याच काळजीत. तोंडाने "फार वाईट आहे हो, काळजी घ्या" म्हणतात आणि चेहरा असा खुललेला, की ऐकणाऱ्याला वाटावं यांना बोनस मिळाला.

आणि त्या गुरुवारी जावयाला वर्षापूर्वीची जखम भळभळत होती. २६ जानेवारी २०१५. हवामानखात्याने न्यूयॉर्कला दोन फूट आणि त्याहूनही जास्त बर्फ सांगितला होता. महापौर म्हणाले होते की शहराच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वादळ ठरू शकतं. बर्फाच्या भीतीने भुयारी रेल्वे बंद ठेवली, आणि हे तिच्या एकशे दहा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. मग वादळ पन्नासेक मैल पूर्वेला सरकलं. सेंट्रल पार्कला बर्फ पडला ९.८ इंच. फिलाडेल्फियाजवळच्या हवामान कार्यालयाच्या प्रमुखाने लोकांची जाहीर माफी मागितली. (एवढ्यासाठी माफी! आपल्याकडे आख्खं नक्षत्र कोरडं गेलं तरी कुणी 'चुकलं' म्हणत नाही. कोल्ह्यावर ढकलतात.) त्याच रात्री बोस्टनला दोन फूट आणि वुस्टरला ३४.५ इंच पडला. कोल्हापूरकर फोन करून म्हणाला होता, "आमच्याकडं मांडीएवढा झालाय नव्हं. तुमच्याकडं काय विशेष?" त्या हिवाळ्यात बोस्टनला एकूण ११०.६ इंच बर्फ पडून विक्रम झाला. जावयाने त्याला अजून माफ केलेलं नाही.

त्याचं मन रमवावं म्हणून मी माझा हुकमाचा पत्ता काढला. २६ जुलै २००५. मी तेव्हा मुंबईत नोकरीला होतो आणि त्या रात्री सांताक्रूझहून घाटकोपरपर्यंत पाण्यातून चालत गेलो होतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७३. "सुरीची कड ती हीच ना?" मी म्हणालो. माणसं गेली त्या दिवशी, शेकड्यांनी. मी ते सांगत होतो, पण जावयाने कागद ओढून गुणाकार सुरू केला होता. ढोबळ मानाने एक इंच पाऊस म्हणजे दहा इंच बर्फ. ९४४ गुणिले दहा. "साडेनऊ मीटर," तो पुटपुटला. "एकतीस फूट. तीन मजले." मग तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. सासऱ्याबद्दल एवढा आदर त्याच्या डोळ्यांत मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही सामान आणायला गेलो. बर्फ येणार म्हटलं की अमेरिकन माणूस दूध, पाव आणि अंडी यांवर तुटून पडतो. वादळात सगळा देश मिळून फ्रेंच टोस्ट करतो की काय, हा तिकडचा जुनाच विनोद आहे. आपल्या दुकानांत तो विनोद लागू नाही. तिथे कोथिंबीर संपली होती. दह्याच्या बादल्या, वीस पौंडी कणकेची पोती, गोठवलेले पराठे, पार्ले-जी असं सगळं ढकलगाड्यांवर चढत होतं. एका बाईंनी आल्याची आख्खी टोपली उचलली आणि मागच्यांकडे न बघता पैसे देऊन निघून गेल्या. बर्फात अडकल्यावर चहाला आलं नाही, ही कल्पना मलाही सोसवेना. पण दोन दिवसांत टोपलीभर?

दुकानात सगळे 'जोनास' म्हणत होते. हे वादळाचं नाव. ते हवामानखात्याने ठेवलेलं नाही. सरकारी खातं हिवाळी वादळांना नावं ठेवतच नाही. २०१२ पासून एका हवामानवाहिनीने आपल्याच हौसेने बारसं सुरू केलं आणि खातं त्या बारशाला कधी गेलं नाही. जावई अर्थात खात्याच्या बाजूचा. 'जोनास' म्हणणाऱ्या माणसाकडे तो, शास्त्रीय गायक मेंडोलिनवाल्याकडे बघतो तसा बघतो. त्याने मला आणखी एक बारकावा शिकवला. ब्लिझर्ड म्हणजे खूप बर्फ नव्हे. ताशी ३५ मैल किंवा जास्त वारा आणि पाव मैलाच्या आत दिसेनासं होणं, हे सलग तीन तास टिकलं तर ब्लिझर्ड. बर्फ किती पडला याचा त्यात संबंधच नाही, जमिनीवरचा जुना बर्फ उडाला तरी चालतो. हे मी दुकानातल्या गल्ल्यावरच्या मुलाला सांगायला गेलो, तर मागे रांग वाढली.

दुपारी जावयाने गराजमधून फळी काढली. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर घडलं. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, पांढऱ्या रंगाने रंगवलेला प्लायवुडचा तुकडा. ती अंगणात, झाडं आणि भिंतींपासून लांब, जमिनीसरशी ठेवायची. पांढरी अशासाठी की उन्हाने तापून बर्फ वितळू नये. त्यावर पडलेला बर्फ मोजायचा, लिहायचा, फळी पुसून पुन्हा ठेवायची. सहा तासांच्या आत पुसायची नाही. कारण पडलेला बर्फ आपल्या वजनाने बसत जातो. दर तासाला मोजून पुसत गेलं, तर बसायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. रवा चमच्याने मोजायचा आणि रवा दाबून वाटीने मोजायचा यात जो फरक, तो हा. जावई सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि रात्री एक अशा वेळा पाळतो आणि आकडा खात्याला कळवतो. अशा हजारो हौशी माणसांची मोजमापं तिकडचं खातं खरोखर वापरतं. नोंदवही कापडी बांधणीची. आमच्या बँकेत खातेवही होती तशी. तिच्यातलं अक्षर बघून मला जावयाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

शुक्रवारी रात्री कुणी झोपलं नाही. लेक झोपली, आम्ही तिघं नाही. घरातले सगळे दिवे घालवून आम्ही खिडकीशी उभे. समोर रस्त्यावरचा दिवा. पहिला कण आकाशात दिसत नाही, तो दिव्याच्या उजेडात दिसतो, म्हणून हे लोक रात्रभर दिव्याच्या खांबाकडे टक लावून बसतात. फिलाडेल्फियाचा दंतवैद्य फोनवर कुजबुजला, "आमच्याकडे सुरू." गणिताच्या मास्तरांकडेही सुरू. आमचा दिवा कोरडाच. जावई येरझाऱ्या घालत होता. वरून पडतोय पण खालची कोरडी हवा तो वाटेतच खातेय, असं त्याचं निदान होतं. बाळंतिणीच्या खोलीबाहेरची ती येरझार मी ओळखून होतो. लेकीच्या वेळी मी ससूनच्या व्हरांड्यात तशीच घातली होती.

आणि मग हिलाच दिसला. "अहो, ते बघा," ती म्हणाली. दिव्याखाली एक ठिपका तिरपा गेला. मग दुसरा. मग मोजणं सोडून दिलं.

शनिवारी सकाळी खिडकीबाहेर जग नव्हतं. समोरचं घर नाही, गाडी नाही, पत्रपेटी नाही. वारा चिमणीत शिरून भोंग्यासारखा वाजत होता. आपल्या रोजच्या बोलण्यात एकच शब्द आहे, बर्फ. गोळेवाल्याचा तोही बर्फ आणि हा आकाशातून येणारा भुरभुरीत रवाही बर्फ, याची मला त्या दिवशी खंत वाटली. दुपारी अडीचला न्यूयॉर्कमध्ये गाड्या चालवायला बंदी झाली, नाटकांचे खेळ रद्द झाले. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातला पांडा बर्फात लोळताना टीव्हीवर दाखवत होते. हिला तो फार आवडला. जावई मात्र विजेची वाट बघत होता. बर्फ पडताना कधी कधी वीज कडाडते आणि या मंडळींत ते परमभाग्य समजतात. वर्षभरापूर्वी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावी हवामानवाहिनीचे जिम कॅन्टोरे बातमी देत असताना तशी सहा वेळा कडाडली, तर पन्नाशीचा तो माणूस कॅमेऱ्यासमोर हात उंचावून उड्या मारू लागला. जावयाने मला ती चित्रफीत दोनदा दाखवली. आमच्याकडे वीज झाली नाही. पण अंदाज तासातासाला चढत होता. आदल्या दिवशी फूटभराच्या आसपास असलेला न्यूयॉर्कचा आकडा दोन फुटांपुढे गेला. शास्त्रीबुवा या वेळी कंजूष निघाले होते. सुरी आमच्या कितीतरी उत्तरेला फिरली. ऑल्बनीला काही नाही, आणि बोस्टनच्या कोल्हापूरकराला वीतभरही नाही! जावयाने त्याला स्वतः फोन लावला आणि अत्यंत आपुलकीने विचारलं, "तुमच्याकडं काय विशेष?"

सकाळच्या सातची नोंद झाली. पुढची एकला. मध्ये जावई जरा आडवा झाला. तीन रात्रींचं जागरण होतं.

साडेबाराला तो उठला, बूट-कोट चढवून मोजपट्टी घेऊन बाहेर गेला आणि दोन मिनिटांत परत आला. चेहरा पांढरा, आणि तो बर्फाने नव्हे.

"फळी कुणी पुसली?"

"मी," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "दहा वाजता मागचं दार उघडून बघितलं, तर तुमची ती पांढरी फळी पार बर्फाने भरून गेली होती. म्हटलं बाई, एवढी जपून रंगवलेली, खराब व्हायची. कुंच्याने स्वच्छ झाडली. काठाशी जरा साचला होता तोही काढला."

जावयाच्या मनात त्या क्षणी काय काय आलं असेल, त्याचं मॉडेल कुणाकडे नाही. एक्कावन्न वेळा हिशेब केला तरी एक्कावन्न वेळा भांडणच यायला हवं होतं. पण मुलगा चांगल्या घरातला. त्याने मोजपट्टी खिशात घातली, आवंढा गिळला, आणि म्हणाला, "काही हरकत नाही, आई. चहा ठेवता का?" चहात आलं होतं. मी बाहेर जाऊन, झाडलेला बर्फ कुठे पडलाय तो गोळा करून मोजता येईल का ते बघून आलो. वाऱ्याने तो शेजाऱ्याच्या हद्दीत नेला होता.

लेकीने मला फावडं हातात धरू दिलं नाही. बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन माणसं जातात, त्या वादळातही गेली. रविवारी जावयाने एकट्याने दोन तास खपून वाट मोकळी केली, आणि नगरपालिकेचा नांगर येऊन रस्त्यावरचा सगळा बर्फ परत आमच्या दारात लावून गेला. याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. तो त्या ढिगाची उंची मोजत होता.

रविवारी सगळ्या गावांचे आकडे आले आणि मला कळलं की फळीचे दशावतार एकट्या आमच्या अंगणात झालेले नाहीत. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर १७.८ इंच लिहिले, आणि जवळच्याच डलेस विमानतळावर २९ च्या वर. वॉशिंग्टनचे हौशी खवळले. चौकशीत निघालं की विमानतळावरच्या माणसांची फळी बर्फाखाली हरवली होती! न्यूअर्कला २८.१ लिहिले, पण तिथे तासातासाला मोजलं असं निघालं. आणि न्यूयॉर्कचा सेंट्रल पार्क, जिथे १८६९ पासून नोंदी आहेत, तिथे आकडा आला २६.८. फेब्रुवारी २००६ चा विक्रम २६.९. एका दशांशाने गेला. एक दशांश इंच म्हणजे अडीच मिलिमीटर. साबुदाण्याचा एक दाणा. जावई दोन दिवस त्या दाण्याविषयी बोलत होता. "एवढं वादळ येतं आणि साबुदाण्याने हरतं," तो म्हणायचा. हिने त्या आठवड्यात खिचडी करायची टाळली.

आम्ही फेब्रुवारीअखेर परतलो. एप्रिलमध्ये पुण्यात ऊन मी म्हणत होतं. मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी जात होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, आणि ती फलाटावर शिरताना टीव्हीवर बघायला आम्ही सगळे बसलो होतो. त्याच महिन्याच्या शेवटी एका पहाटे फोन वाजला. पहाटेचा फोन म्हणजे आमच्या वयात छातीत धस्स होतं.

"बाबा, सुधारला!" जावई ओरडत होता.

"कोण? काय झालं होतं त्याला?"

"सेंट्रल पार्क! खात्याने चौकशी केली. मोजणाऱ्यांनी कळवलं एक आणि ऐकणाऱ्यांनी लिहिलं भलतंच. २६.८ नव्हे, २७.५! विक्रम झाला, बाबा! आणि न्यूअर्कचा आकडा रद्द!"

मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार? हिने फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमच्याही वहीतलं तसं सुधारून घ्या की. मी सांगते त्यांना, माझ्या अंदाजाने तीन-चार बोटं होता."

बोटं चालत नाहीत, असं त्याने नम्रपणे सांगितलं. कापडी बांधणीच्या त्या वहीत २३ जानेवारी २०१६ च्या रकान्यात सकाळी सातचा आकडा आहे, संध्याकाळी सातचा आहे, रात्री एकचा आहे. दुपारी एकच्या रकान्यात, शेरा म्हणून, सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे : 'नोंद अपुरी. सासूबाई.'